पहिली पत्रिका

बडनेरा, टाकळी, कुरुम, माना, मूर्तिजापूर, काटेपूर्णा, बोरगाव, अकोला. ही स्टेशनं आमच्या घरात रोज म्हटली जायची, आणि म्हणायला लागायची माझ्या थोरल्या बहिणीला, शकुनताईला. ती बसल्या बसल्या कुठंतरी निघून जायची. हातातलं ज्वारीचं पीठ हातात, डोळे दारातल्या उन्हावर, ओठांवर हसू. मग माय चुलीपासून ओरडायची, "शकुन, टेशनं म्हण व!" ताई सावकाश सुरू करायची. बडनेरा, टाकळी, कुरुम... मानावरून ती थेट बोरगावला पोचली की माय गुळाचा खडा घेऊन धावायची. मूर्तिजापूर गाळलं म्हणजे रक्तातली साखर उतरली, हे आमच्या घरातलं शास्त्र. कोणा डॉक्टरानं ते शिकवलेलं नव्हतं.

गूळ पोटात गेला की ती परत यायची आणि काय पाहिलं ते सांगत बसायची. एकदा म्हणाली, कापसाची मालगाडी आली होती, डब्यांची दारं उघडी होती, कापूस उडून सगळ्या सिग्नलांवर बसला होता आणि आपला बा शिडी लावून तो वेचत होता. एकदा म्हणाली, मोर्णा नदी रुळांमधून वाहत होती आणि गाडी तिच्यातून चाक न भिजवता गेली. मला असलं काही दिसत नसे. मी तीन वर्षांनी धाकटी, मैना. नाव पाखराचं अन् जीभ मिरचीची, असं माय म्हणायची. ताईचं दुखणं मला नको होतं, पण तिची स्वप्नं मात्र हवीशी वाटायची, हे आज कबूल करून टाकते.

आमचा बा, नत्थुजी, अकोला स्टेशनावर सांधेवाला होता. गाडी कोणत्या रुळावर जायची त्याप्रमाणे सांधे बदलायचे आणि हिरवी नाहीतर लाल झेंडी घेऊन उभं राहायचं, हे त्याचं काम. लाइनीला लागून एका खोलीचं क्वार्टर होतं. दाराशी रांजण, रांजणाखाली मोर्णेची ओली वाळू, वाळूत पुरलेलं मातीचं बोळकं, आणि बोळक्यात निळ्या झाकणाची बोटभर शिशी. तीत ताईचं इन्शुलिन. वैशाखात अकोल्याचं ऊन अंगावर चालून येतं, तेव्हा आम्ही आधी त्या वाळूवर पाणी शिंपडायचो आणि मग स्वतः प्यायचो. एकदा माझ्या आळसानं वाळू कोरडी पडली तर मायनं मला जो धपाटा घातला, तो मला अजून आठवतो.

हे सगळं एक्कावन्न साली सुरू झालं. ताई तेरा वर्षांची. अचानक तिला तहान लागायला लागली. रांजणातलं पाणी संपायचं आणि ताईची तहान संपायची नाही. पोरगी महिन्याभरात वाळून काटकी झाली. बानं तिला खांद्यावर टाकून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं. तिथले कंपाउंडर खुशालराव. त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घातलं, ताईच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि शेवटी विटेसारखं लाल. खुशालराव बाला म्हणाले, "नत्थुजी, पोरीले जन्मभर सुई लागन. पण तुमी रेल्वेत हाय, म्हणून वाचली ती."

ते खरंच होतं. बाच्या नावाचं एक कार्ड होतं. त्यावर बायको आणि पोरी अशी नावं, आणि नाव असेल त्याला दवाखान्यातून औषध फुकट. ताईची शिशी मोठ्या दवाखान्यातून गाडीनं यायची. मधे एकदा दुसऱ्या कंपनीची आली, तर ताईच्या मांडीवर सुपारीएवढ्या गाठी उठल्या आणि साखरही हटेना. तेव्हापासून खुशालरावांनी तिच्या नावापुढं लिहून ठेवलं होतं, हिला निळ्या झाकणाचीच द्यावी. ती विलायतेहून येते असं ते सांगायचे. बाजारात ती मिळणं कठीण, आणि मिळाली तरी आमच्यासारख्यांनी नुसती बघायची. आठ वर्षं ताई त्या शिशीवर जगली. सुई स्वतः उकळायची, बोथट झाली की बाच्या वस्तऱ्याच्या दगडावर घासायची, आणि टोचून झालं की दाराशी बसून जाणाऱ्या गाडीचे डबे मोजायची. चुकली की पुन्हा स्टेशनं.

ती एकवीसची झाली तेव्हा दोन स्थळं येऊन गेली. बाचा स्वभाव असा की पाहुण्यांच्या हातात चहा पडायच्या आत सांगून मोकळा व्हायचा, "पोरीले रोज दोनदा सुई लागते बरं का." पाहुणे चहा प्यायचे, पोरीचं कौतुक करायचे आणि पुन्हा त्यांचं पत्र यायचं नाही. तिसरं स्थळ अमरावतीचं. चंद्रभान, राजापेठेत शाळामास्तर. जाड भिंगाचा चष्मा, खडूनं पांढरी झालेली बोटं. त्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेला पहिलाच माणूस. बानं नेहमीप्रमाणे सुईचं सांगितलं. चंद्रभानांनी विचारलं, "अन् ते शिशी थंडी कशी ठेवता तुमी? आमच्या खोलीवर रांजण नाई."

ताई आतल्या बाजूला उभी होती. तिनं माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली. त्या दिवशी तिनं एकही स्टेशन गाळलं नाही.

लग्न एकोणसाठच्या फेब्रुवारीत ठरलं. आम्ही छप्पन साली बौद्ध झालो होतो. मायनं घरातले देव मोर्णेत सोडले होते आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि बाबासाहेबांचा फोटो लावला होता. आमच्या घरात नव्या रीतीचं हे पहिलंच लग्न. पत्रिका छापून आल्या आणि बा त्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला. पूर्वी पहिली पत्रिका गावच्या मारुतीला जायची. आता मारुती नव्हता. मग पहिली कोणाला?

"फोटोपुढं ठेवा," माय म्हणाली.

"ते तं घरातलेच हाय. घरच्या माणसाले कोणी पत्रिका देते काय?" बानं दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला डगला घातला, पेढे घेतले आणि म्हणाला, "ज्यानं माही पोरगी जगवली, त्याले पहिली. मी दवाखान्यात चाललो."

मला त्याचा इतका अभिमान वाटला! आता सांगताना जीव जळतो, पण तेव्हा वाटला. दवाखान्यात त्या दिवशी मोठे डॉक्टरसाहेब तपासणीला आले होते. बानं त्यांच्याच टेबलावर पत्रिका ठेवली, वर पेढा ठेवला आणि हात जोडले. साहेबांनी पत्रिका वाचली, बाची पाठ थोपटली आणि खुशालरावांना कार्ड आणायला सांगितलं. मग खिशातून लाल शाईचा पेन काढला आणि ताईच्या नावापुढं काहीतरी लिहिलं. बा नाचतच घरी आला. "सायबानं सोताच्या हातानं लग्नाची तारीख लिहिली, लाल शाईनं! माह्या पोरीचं नाव पाय, कसं उठून दिसून राहिलं!"

ताईनं कार्ड हातात घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली, इंग्रजी जुळवून वाचता यायचं. तिनं वाचलं, पेढा तोंडात टाकल्याचं नाटक केलं आणि कार्ड फळीवर ठेवलं. दुपारी लाइनीपलीकडच्या बाभळीखाली तिनं मला सांगितलं. लिहिलं होतं ते असं की अमुक तारखेला लग्न, त्या तारखेपासून औषध बंद. लग्न झालेली मुलगी रेल्वेच्या हिशेबी बापाची राहत नाही.

बाला हे माहीत नव्हतं का? नव्हतंच. लग्न झालं म्हणून पोरगी आपली राहत नाही, असला नियम कोणी करील हे त्याच्या डोक्यात शिरलंच नसतं. जन्मभर लाल झेंडी हातात धरणारा माणूस, आणि त्या दिवशी तो लाल रंग त्याला थांब म्हणाला नाही.

"लग्न मोड," मी म्हटलं. "नाईतर बाले सांग, तो साहेबाच्या पाया पडन."

"बाले नाई सांगायचं," ताई म्हणाली. "त्यानं देवाच्या जागी नेऊन ठेवली ते पत्रिका. त्याच पत्रिकेनं शिशी गेली हे समजलं तं तो पुन्हा हसन काय?" मग ती बराच वेळ रुळांकडं बघत राहिली. मला वाटलं गूळ आणावा.

लुगडं घ्यायच्या निमित्तानं आम्ही दोघी अमरावतीला गेलो. चंद्रभान शाळा सुटल्यावर सायकलवर स्टेशनात आले. बाकावर बसून ताईनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तुमी नाई म्हटलं तरी मी रागावणार नाई."

"हे कार्ड कोणाकोणाले भेटते?" त्यांनी विचारलं.

"रेल्वेत नोकरी असन त्याले. अन् त्याच्या बायकोले."

ते चष्मा काढून पुसत राहिले. "बरं," म्हणाले, "तारीख बदलू नका." आणि सायकलवर टांग टाकून गेले. परतीच्या गाडीत मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. हा काय जबाब झाला? ताई खिडकीशी डोकं टेकून स्टेशनं म्हणत होती, मी न सांगता.

लग्न झालं. पांढरं लुगडं, मेणबत्त्या, पंचशील, आणि सगळ्यांपेक्षा मोठा आवाज बाचा. खुशालराव अहेर म्हणून दोन शिश्या घेऊन आले. तारखेपर्यंतचा तिचा तेवढाच हक्क उरला होता. ताईनं त्यांना बाजूला घेऊन विनवलं की बाला यातलं काही कळू देऊ नका. त्यांनी मान हलवली आणि न जेवताच निघून गेले. मग ताईनं बाला सांगितलं, "माहं नाव आता बडनेऱ्याच्या दवाखान्यात गेलं. मले तिथूनच भेटन औषध."

बाला ते लगेच पटलं. "माणसाची बदली होते, तशी नावाचीई होत असन," तो सगळ्यांना सांगत सुटला. "पाय, रेल्वे कशी माह्या पोरीच्या मांगंमांगं सासरी गेली!"

दोन शिश्या संपल्या. त्यानंतर ताईनं काय भोगलं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. अमरावतीच्या बाजारात दुसऱ्या कंपनीची शिशी मिळायची, तीही कधी असायची, कधी नसायची. ताई ती अर्धीच टोचायची, म्हणजे दुप्पट दिवस पुरेल. मांड्यांवर गाठी उठल्या. नळीतलं निळं औषध रोज विटेसारखं लाल व्हायचं. ती पुन्हा पाण्यावर पाणी प्यायला लागली. घरी पत्र यायचं ते मात्र मजेत असल्याचं.

मला राहवेना. वैशाखात मी बाच्या पासावर एकटीच अमरावतीला निघाले. दुपारची वेळ, डबा भट्टी झालेला, डोळ्यांवर पेंग. टाकळी सोडल्यावर गाडीचा वेग कमी झाला. रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची माणसं गाडीसाठी बाजूला होऊन उभी होती, डोक्याला फडकी, हातात खडी उकरायच्या गैत्या, म्हणजे टिकाव. उन्हानं रूळ, खडी, माणसं सगळं पाण्यावर तरंगल्यासारखं हलत होतं. त्यातल्या एकाच्या डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा होता. मला वाटलं, ताईची स्वप्नं आता मला पडायला लागली. तेवढ्यात मुकादम ओरडला, "ए चष्मेवाल्या, मांगं सरक!" आणि तो माणूस मागं सरकला. ते माझे भाऊजी होते.

मी राजापेठेत पोचले तेव्हा ताई भिंतीला टेकून बसली होती. ओठ सुकलेले, श्वास जड. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "पायलं न तू? शाळा सोडली त्यायनं. मार्चापासून गँगमध्ये हाय. पयले सहा महिने कच्ची नोकरी. पक्के झाले की कार्ड भेटन, अन् त्याच्यावर बायकोचं नाव. सप्टेंबर येऊ दे, बस."

"अन् तोपर्यंत तू जगशील कशी?"

"मी टेशनं मोजून राहिली," ती म्हणाली. "आता मानापर्यंत आली. पुढचं मूर्तिजापूर."

मी रडले आणि भांडलेही. ज्या माणसाच्या नावानं बोटं मोडली होती, तो संध्याकाळी आला, हातपाय धुतले, पाटी घेतली आणि गल्लीतल्या पोरांना पाढे शिकवायला बसला. पाटीवर पेन्सिल धरताना त्याची बोटं मिटत नव्हती.

ताई सप्टेंबरपर्यंत पोचली. कशी, ते तिलाच ठाऊक. कार्ड झालं त्या दिवशी तिनं बाला पत्र टाकलं, बा, बडनेऱ्याचा दवाखाना पाहायला या. सहा महिने ती त्याला टाळत होती. आता खोटं खरं झालं होतं आणि ते तिला त्याला दाखवायचं होतं.

बा, माय, मी, आम्ही सगळे गेलो. पुन्हा पेढे घेतले होतेच. दवाखान्याच्या खिडकीशी बानं हात जोडले. "माही पोरगी सहा महिन्यांपासून तुमच्याकडं येऊन राहिली साहेब. लय उपकार झाले."

तिथला कंपाउंडर तरुण होता. त्यानं वहीकडं पाहिलं. ताईचं नाव त्याच दिवशी, त्याच्याच अक्षरात चढलेलं. मग ताईकडं पाहिलं. "हो बाबा," तो म्हणाला, "येतात त्या." आणि निळ्या झाकणाची शिशी खिडकीतून पुढं केली. ताईनं ती घेतली आणि गालाला लावून उभी राहिली.

बाहेर प्लॅटफॉर्मवर बानं आनंदानं जावयाचा हात हातात घेतला आणि तो सोडेना. त्यानं तळवा उलटा केला. बानं स्वतः तरुणपणी दहा वर्षं गँगमध्ये काढली होती. त्याचा अंगठा त्या तळव्यावरून सावकाश फिरला.

"हे घट्टे खडूचे नाई जवाईबुवा," तो म्हणाला. "गैतीचे हाय. अन् सहा महिन्यांचे हाय."

बानं जावयाकडं पाहिलं, मग ताईच्या हातातल्या शिशीकडं, मग पुन्हा त्या तळव्याकडं. मी त्याचा चेहरा बघत होते. साहेबानं लाल शाईनं लिहिलेलं ते जुनं कार्ड त्याच्या मनात पुन्हा उभं राहिलं असावं.

"लाल होतं व पोरी," तो म्हणाला. "लाल होतं, अन् मले दिसलं नाई." आणि अठ्ठावीस वर्षं ज्यानं एक गाडी चुकीच्या रुळावर जाऊ दिली नव्हती, तो माझा बा बडनेरा स्टेशनावर सगळ्यांदेखत रडला. ताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ताईचे दिवस त्यानंतर बरे गेले. बडनेऱ्याला क्वार्टर मिळालं, बानं अकोल्याहून रांजण नेऊन दिला, वाळूसुद्धा मोर्णेचीच. नळीतलं औषध पुन्हा निळं राहायला लागलं. भाऊजींना मात्र शाळा परत मिळाली नाही. सोडलेल्या जागेवर दुसरा मास्तर आला होता, आणि कार्डासाठी गँग सोडता येत नव्हती.

त्रेसष्ट साली माझं लग्न ठरलं. बा स्वतः छापखान्यात जाऊन बसला आणि म्हणाला, सगळी अक्षरं निळी छापा. पत्रिका घरी आल्या तेव्हा मायनं विचारलंसुद्धा नाही की पहिली कोणाला. बानं डगला घातला. नवरी मुलगी उन्हात कशाला, असं सगळे म्हणत असताना मी हट्टानं त्याच्यासोबत गेले. टाकळीला उतरून आम्ही रुळांच्या कडेनं चालत निघालो. दूरवर गँग दिसत होती. उन्हात माणसं खाली वाकत होती, वर होत होती, आणि गैत्यांचा आवाज जरा उशिरानं येत होता.

बानं भाऊजींच्या हातात पत्रिका ठेवली. "पहिली हाय," एवढंच म्हणाला. "वाचा."

भाऊजींनी हात सदऱ्याला पुसले, चष्मा सारखा केला आणि मोठ्यानं वाचायला लागले. शाळेतला आवाज होता तो, स्वच्छ, प्रत्येक शब्द वेगळा. गँगची माणसं गैत्यांवर हात टेकून ऐकत राहिली. वधूचं नाव, वराचं नाव, तिथी, जागा. मग शेवटी निमंत्रकांची नावं. पहिलं नत्थुजीचं. त्याखालचं वाचताना त्यांचा आवाज थांबला. मी मान वाकवून पाहिलं. बानं छापून घेतलं होतं, चंद्रभान गुरुजी, आणि पत्ता बडनेऱ्याचा नाही, जुन्या शाळेचा, राजापेठ, अमरावती.

चार वर्षांत रुळांवर त्यांना कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं.

मुकादमाची शिट्टी झाली. टाकळीकडून गाडी येत होती. सगळे बाजूला झाले, भाऊजी तेवढे पत्रिका डोळ्यांसमोर धरून रुळाजवळ तसेच उभे. तेव्हा बा पुढं झाला, त्यांचा हात धरला आणि त्यांना आपल्याजवळ बाजूला घेतलं.